शिकार व मासेमारीचे हक्क आणि अधिवास : जव्हार-मोखाडा

एखाद्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजास तेथील वन्य प्राणी मारण्याचा व पाण्यातील मासे धरण्याचा अधिकार केवळ रहिवासामुळे प्राप्त होतो काय आणि तो रहिवास कोणत्या पुराव्याने सिद्ध करावयाचा, हा वनविषयक कायद्यांच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या लगतच्या तालुक्यांत त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. येथे रहिवास हाच प्रथम हक्काचा आधार होता. राजसत्ता व वनखाते यांच्या अमलात त्याची जागा परवानगीने आणि पुढे परवान्याने घेतली. शिकारीचा परवाना १९९१ मध्ये रद्द झाला, तर मासेमारीच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क अधिनियमाने अधिवास हे हक्काचे प्रमाण म्हणून पुन्हा मान्य केले. एकाच रानातून मिळणाऱ्या दोन प्रकारच्या अन्नाच्या वाटा अशा प्रकारे विभक्त झाल्या.

भूभाग व रहिवासी : सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हा डोंगराळ टापू १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. वैतरणा, पिंजाळ व वाघ या येथील प्रमुख नद्या होत. पाऊस विपुल पडतो. तथापि तीव्र उतारामुळे पाणी झपाट्याने वाहून जाते व उन्हाळ्यात टंचाई जाणवते. नागली, वरई व भात ही येथील मुख्य पिके. लोकवस्ती बहुतांशी आदिवासी असून तीत वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी व कातकरी या जमातींचा समावेश होतो. त्यांपैकी कातकरी जमातीची गणना शासनाने विशेष दुर्बल आदिवासी समूहांत केली आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात अंतर्भूत आहेत.

परंपरागत व्यवस्था : उतारावरील शेतीचे उत्पन्न वर्षभर पुरत नसल्यामुळे रान व पाणी हे येथील आहाराचे नित्याचे साधन होते. कंद, रानभाज्या, मासे व खेकडे यांबरोबरच ससा, साळिंदर, रानडुक्कर, तितर व लावा यांची शिकार होत असे. तिरकमठा, फासे व जाळी ही शिकारीची साधने असत; मोठ्या जनावरासाठी अनेकांनी मिळून हाका घालण्याची पद्धत होती. पहिल्या पावसात नदीतून ओढ्यांत व भातखाचरांत चढून येणाऱ्या माशांना वलगणीचे मासे म्हणतात. ते बांबूच्या सापळ्यांनी धरले जात. एरवी गळ व पाग वापरीत. आटत चाललेल्या डोहांत गेळफळासारख्या वनस्पतींचा उपयोग करून मासे गुंगविण्याची रीतही आदिवासींना माहीत होती. शिकारीची व जाळ्यांनी मासे धरण्याची दृश्ये वारली चित्रकलेत वारंवार आढळतात, यावरून त्यांच्या जीवनातील या व्यवसायांचे स्थान लक्षात येते.

या व्यवस्थेत लेखी परवाना नव्हता. गावाची शीव हीच साधारणपणे रानाची व पाण्याची मर्यादा समजली जाई आणि गावात घर असणे, गावच्या देवकार्यात सहभागी असणे ही अधिवासाची खूण मानली जाई. शिवेवर वाघदेवाची स्थापना करण्याच्या प्रथेतही या मर्यादेची जाणीव दिसून येते. ही व्यवस्था सर्वस्वी समतेची होती, असे मात्र मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या वस्त्या इतरांच्या जमिनीवर किंवा गावाच्या कडेला असत, त्या कातकऱ्यांसारख्या भूमिहीनांचे गावातील स्थान नेहमीच दुय्यम राहिले. अधिवासाच्या पुराव्याचा प्रश्न पुढे निर्माण झाला, तेव्हा त्याची झळ याच वर्गास अधिक पोहोचली.

संस्थानी व ब्रिटिश अंमल : जव्हार हे कोळी राजघराण्याचे संस्थान होते. परंपरागत आख्यायिकेनुसार घराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे याने तेथील वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या करून त्यांनी मोठा प्रदेश वेढून घेतला. अशा प्रकारची कथा जगात अन्यत्रही आढळते. तेव्हा ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र तीतून एक गोष्ट स्पष्ट होते : राजसत्तेच्या आधी हा मुलूख वारल्यांचा होता, ही स्मृती लोकांत टिकून होती. जयबाचा पुत्र निमशाह यास १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली, असे घराण्याचा इतिहास सांगतो. ब्रिटिश अमदानीत संस्थानचे क्षेत्रफळ सु. ८०० चौ. किमी. होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हे पुढे १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले.

मोखाड्याची स्थिती याहून भिन्न होती. तो ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील एक पेटा म्हणून थेट ब्रिटिश अमलाखाली होता. त्यामुळे एकाच जमातीचे, एकमेकांशी सोयरीक असलेले लोक दोन राज्यांचे प्रजाजन ठरले. एका बाजूस राजाचा हुकूम चाले, तर दुसऱ्या बाजूस विधिमंडळाचा कायदा. भारतातील संस्थानी मुलखांत मोठी शिकार हा सामान्यतः राजाचा व त्याच्या पाहुण्यांचा मान समजला जाई आणि रहिवाशांचा संबंध हाकाऱ्यांच्या कामापुरता उरे. ब्रिटिश मुलखात मात्र प्रश्न मानाचा नसून मालकीचा होता.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वन घोषित करण्याची रीत ठरवून दिली. शासनाने जाहीरनामा काढावयाचा, जमाबंदी अधिकाऱ्याने किमान तीन महिन्यांची मुदत देऊन हक्कांविषयीचे दावे मागवावयाचे आणि मुदतीत न मांडलेले हक्क सामान्यतः लोप पावले असे समजावयाचे, असा तिचा सारांश आहे. लेखी दावा मांडण्याची सवय नसलेल्या निरक्षर समाजास ही मुदत पुरेशी नव्हती हे उघड आहे. ज्याची नोंद झाली तो हक्क आणि जे केवळ चालत आले ती सवलत, असा भेद त्यानंतर रूढ झाला. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकत होता. राखीव वनात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष कालवणे अथवा फासे लावणे हा अपराध ठरला. हीच तरतूद १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ मध्ये कायम राहिली. मूळ कलमानुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या.

ठाणे जिल्ह्यातील वनधोरणाविषयीच्या असंतोषामुळे मुंबई सरकारने १८८५ मध्ये एक वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगापुढील तक्रारींत राबासाठी लागणाऱ्या पालापाचोळ्याचा व लाकूडफाट्याचा प्रश्न प्रमुख होता. हे स्वाभाविक होते. कारण शेतसाऱ्याचा संबंध राबाशी होता, ओढ्यातील माशांशी नव्हता. ज्या वस्तूवर सारा नाही, तिची नोंद नाही आणि ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाही, ही साखळी येथे दिसून येते.

यांशिवाय १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने सुरुंगाने व विषाने मासे मारण्यास बंदी घातली. १९१२ च्या वन्य पक्षी व पशू संरक्षण अधिनियमाने काही प्राण्यांसाठी बंदीचा हंगाम ठरविण्याची तरतूद केली. मात्र स्वतःच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणार्थ केलेली हत्या तीतून वगळली. हे कायदे ब्रिटिश मुलखाचे असल्यामुळे मोखाड्यास लागू होते. जव्हारला ते आपोआप लागू होत नसत. विलीनीकरणानंतर हा भेद संपला आणि दोन्ही भागांस एकच कायदा लागू झाला.

परवानापद्धती : मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम संमत केला आणि शिकारीच्या परवान्यास व्यापक स्वरूप दिले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. त्यानंतर १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार निषिद्ध केली व अन्य काही अनुसूचींतील प्राण्यांसाठी परवाना आवश्यक ठरविला. मूळ कलम ९ मध्ये विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि वन्य प्राणी पकडणे असे परवान्यांचे चार प्रकार होते. हे वर्गीकरण प्राण्यावरून व पकडण्याच्या रीतीवरून केलेले होते. रहिवाशाचा असा वेगळा वर्ग त्यात नव्हता. मुंबईहून येणारा बंदूकधारी शिकारी आणि वाघ नदीच्या काठचा फासे लावणारा ठाकर हे कायद्याच्या दृष्टीने समान अर्जदार होते. परंतु अर्ज, शुल्क व कार्यालय यांपर्यंत पोहोचण्याची ऐपत पहिल्याजवळ होती, दुसऱ्याजवळ ती क्वचितच असे. कायद्यातील समानतेचा व्यवहारातील परिणाम त्यामुळे विषम झाला.

या संदर्भात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धतीशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे शिकारीचा व मासेमारीचा परवाना प्रत्येक घटक राज्य देते आणि रहिवासी व परस्थ असा भेद सर्वत्र आढळतो. या विचाराची मुळे जुनी आहेत. न्यू जर्सी राज्याने परस्थांस आपल्या पाण्यातील कालवे काढण्यास केलेली मनाई १८२३ च्या कॉर्फील्ड विरुद्ध कॉर्येल या खटल्यात वैध ठरली. राज्यातील जलसंपत्ती ही तेथील नागरिकांची सामाईक मालमत्ता होय, असे तीमागील तत्त्व होते. माँटॅना राज्यात १९७६ च्या हंगामात रहिवाशास केवळ एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरना मिळे. परस्थास मात्र एल्कच्या शिकारीसाठी २२५ डॉलरचा संयुक्त परवाना घ्यावा लागे. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला. तेथे रहिवासी हा राज्याच्या संपत्तीचा भागीदार आणि परस्थ हा पाहुणा मानला गेला. मात्र ही भागीदारी त्या वेळच्या राज्याच्या नागरिकांची होती. तेथील मूळ जमातींचे शिकार व मासेमारीचे हक्क मुख्यतः त्यांनी संघराज्याशी केलेल्या तहांवर अवलंबून राहिले. भारतीय कायद्याने वन्य प्राण्यांकडे राज्याच्या दृष्टीने पाहिले, पण रहिवाशास भागीदार मानले नाही.

शिकारबंदी व अभयारण्य : १९९१ च्या दुरुस्तीने कलम ९ मधील परवानापद्धती रद्द झाली. मनुष्याच्या जीवितास धोका, पिकांची हानी, शिक्षण, संशोधन यांसारख्या विशेष कारणांसाठी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने होणाऱ्या कारवाईचा अपवाद तेवढा राहिला. शिकारीची व्याख्या व्यापक असून तीत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासा लावणे व विष घालणे यांचाही समावेश होतो. अनुसूचित जमातींच्या शिकारीच्या हक्कांचे रक्षण करणारे कलम ६५ या अधिनियमात आहे. परंतु त्याचा लाभ केवळ निकोबार बेटांतील जमातींना मिळतो. सह्याद्रीतील जमातींसाठी तशी तरतूद केलेली नाही.

मोखाडा तालुक्याचा काही भाग १९७० मध्ये घोषित झालेल्या तानसा अभयारण्यात येतो. तेथे अधिवासास निराळाच अर्थ प्राप्त झाला. कलम २७ अन्वये, शासकीय सेवक किंवा स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती यांसारखे अपवाद सोडता, अभयारण्यात राहण्यासाठी मुख्य वन्य जीव रक्षकाची अनुज्ञा लागते. तेथे राहणाऱ्याने अपराध घडू न देणे, मृत प्राण्याची वर्दी देणे, वणवा विझविणे व अधिकाऱ्यांस साहाय्य करणे ही कर्तव्ये सांगितली आहेत. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास आपल्या नावाची नोंद करावी लागते. अधिवासातून पूर्वी हक्क निर्माण होत होता. येथे त्यातून प्रामुख्याने कर्तव्य निर्माण झाले.

या बंदीची आवश्यकता नाकारता येत नाही. बंदुकीची शिकार, वृक्षतोड व अधिवासाचा संकोच यांमुळे विसाव्या शतकात वन्य प्राण्यांची संख्या देशभर घटली. तथापि तिच्या कारणांत बाहेरच्या शिकाऱ्यांचा व लाकूडव्यापाराचा वाटा मोठा असताना निर्बंधाचा भार सर्वांवर सारखाच पडला. शिवाय रानडुक्करासारख्या प्राण्यांपासून पिकाचे रक्षण करण्याची अडचण शेतकऱ्यापुढे राहिलीच.

मासेमारीची वाटचाल : मासेमारीचा इतिहास निराळ्या दिशेने गेला. शासनाने तिच्याकडे संरक्षणापेक्षा उत्पादनाच्या दृष्टीने पाहिले. महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने देण्याची व त्यासाठी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्रोत्साहन देण्याची पद्धत रुजली. सहकारी संस्थेस कार्यक्षेत्र असल्यामुळे रहिवास सभासदत्वाच्या वाटेने विचारात आला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यात मासे धरणारा माणूस कोणत्याही संस्थेचा सभासद असेलच असे नाही.

वैतरणेच्या खोऱ्यातील धरणांनी या प्रश्नात भर घातली. मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३) व मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली. त्यांपैकी मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे. वाहत्या नदीच्या जागी खोल जलाशय आला, म्हणजे माशांच्या जाती, पकडण्याची साधने व पाण्यावरील ताबा हे तिन्ही बदलतात. पाग व गळ यांवर विसंबणाऱ्यास होडी व मोठी जाळी परवडत नाहीत.

मासे व खेकडे यांचे आहारातील महत्त्व या भागात किती आहे, हे कुपोषणाच्या प्रश्नावरून लक्षात यावे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी सर्व राज्याचे लक्ष या टापूकडे वेधले. कुपोषणाची कारणे अनेक असतात; परंतु ज्या घरात दूध, डाळी व विकतचे मांस क्वचितच मिळते, तेथे ओढ्यातील मासळी हा प्रथिनांचा महत्त्वाचा स्रोत ठरतो. म्हणून पाण्यावरील हक्क हा येथे केवळ उत्पन्नाचा नव्हे, तर जगण्याचा प्रश्न आहे.

वनहक्क अधिनियम : १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याचे तत्त्व मान्य केले. त्यानंतर २००६ चा अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम आला. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे व जलाशयांतील इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क स्पष्टपणे नोंदविला आहे. त्याच कलमातील एका पुढील खंडाने परंपरेने उपभोगलेले इतर सर्व हक्क मान्य केले. मात्र शिकार करणे, प्राणी पकडणे व प्राण्याच्या शरीराचा भाग काढून घेणे यांचा पारंपरिक हक्क त्यातून वगळला. अशा रीतीने एका हक्काची पुनःस्थापना व दुसऱ्याचा अंत एकाच कलमात झाला.

हा हक्क कोणाचा, हे अधिनियम अधिवासावरून ठरवितो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीने १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमिनीचा ताबा घेतलेला असणे ही अट जमिनीच्या हक्कास लागते; शिवाय ती मुख्यत्वे वनात राहणारी व उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असली पाहिजे. इतर पारंपरिक वननिवाशांना त्या दिनांकापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा अधिवास सिद्ध करावा लागतो. ‘मुख्यत्वे वनात राहणारा’ या शब्दांचा अर्थ केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २००८ मध्ये स्पष्ट केला : प्रत्यक्ष वनात घर नसले, तरी उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारे लोक त्यात येतात. नियमांनुसार मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, अधिवासाचा दाखला यांबरोबरच गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेत होते. १८७८ च्या जमाबंदीत मौखिक परंपरेस जे स्थान मिळाले नव्हते, ते सु. १३० वर्षांनंतर या तरतुदीने मिळाले.

अधिवास व स्थलांतर : तरीही अडचण संपलेली नाही. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे पावसाळी पीक निघाल्यावर वीटभट्ट्या, बांधकामे व मिठागरे येथे मजुरीस जातात आणि पावसाच्या सुमारास परततात. वर्षातील कित्येक महिने ज्याचे घर बंद असते, तो त्या गावचा रहिवासी नव्हे काय ? भावार्थाने पाहता तो रहिवासीच आहे; कारण त्याचे स्थलांतर हे रानाशी संबंध तुटल्याचे नव्हे, तर रान अपुरे पडल्याचे लक्षण आहे. परंतु यादी, दाखला व ग्रामसभेतील उपस्थिती यांवर चालणाऱ्या व्यवहारात अनुपस्थित माणूस सहज मागे पडतो. ज्या कातकरी कुटुंबाचे घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, त्याला घरपट्टीची पावती मिळणेही कठीण. वलगणीचे मासे चढतात त्या दिवसांत तो गावी असतो. हक्कांची सभा भरते त्या दिवसांत तो असतोच असे नाही.

समारोप : जव्हार-मोखाड्याच्या उदाहरणावरून दिसते, की अधिवास ही केवळ वास्तव्याच्या दिवसांची गणना नसून माणूस, रान व पाणी यांच्या परस्परसंबंधाची मान्यता आहे. ती मान्यता कोण देतो, यावर हक्काचे स्वरूप अवलंबून राहिले : गावाने दिली तेव्हा तो रिवाज होता, राजाने दिली तेव्हा कृपा, वनखात्याने दिली तेव्हा सवलत आणि संसदेने दिली तेव्हा अधिकार. वन्य प्राण्यांचे रक्षण सर्वमान्य असल्यामुळे शिकारीचा हक्क परत येण्याचा संभव नाही. मासेमारीचा हक्क कायद्यात आला आहे. तो प्रत्यक्षात उपभोगता येईल किंवा नाही, हे मुख्यतः ग्रामसभेच्या यादीत स्थलांतरितांची व भूमिहीनांची नावे राहतात की नाही, यावर अवलंबून आहे.